बदकांचा खुराक : स्वस्त काय, स्वच्छ काय

आपल्या घरांत रोटीचा तुकडा खाली पडला तर तो उचलून बाजूला ठेवायची रीत आहे. रिज्कची बेअदबी होऊ नये, हा त्यामागचा विचार. उरलेली रोटी कचऱ्याच्या डब्यात टाकायला आपल्या बायकांचा हात धजत नाही. म्हणून ती उन्हात वाळवतात, पिशवीत भरतात आणि ज्यांच्याकडे बकऱ्या-कोंबड्या असतील त्यांच्याकडे पाठवतात. शिरूरला आमच्याकडे चार बदके आहेत, एक नर आणि तीन माद्या. त्यामुळे मोहल्ल्यातल्या अशा पिशव्या आता आमच्या दारात येतात. आणणाऱ्या भगिनीची नियत नेक असते. आम्हीही पिशवी आदराने घेतो. पण ती तशीच्या तशी बदकांपुढे ओतत नाही, आणि याचे त्यांना नवल वाटते. एका विद्यार्थ्याच्या अम्मीने तर आम्हाला सरळ विचारले, "टीचर, बतख का क्या है, कुछ भी खा लेती. इतना देखने का क्या?"

हे खरे आहे की बदक काहीही खाते. पुढे टाकलेले जवळजवळ सगळे ते गिळते. पण गिळणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे. ज्या प्राण्याला आपण कुंपणात ठेवले, त्याला स्वतःचे अन्न निवडण्याची वाट आपणच बंद केलेली असते. मग त्याच्या वतीने निवड करणे आपल्यावर येते. ती निवड घरखर्चात कशी बसवायची, हेच या लेखात सांगायचे आहे. अलीकडे आठवडे बाजारातून आणि उरुसातून बदकाची पिल्ले घेऊन येणारी मुले आमच्या वर्गात वाढली आहेत. त्यांच्या आईवडिलांचे प्रश्नही वाढले आहेत.

आपल्या भागात बदक पाहुणे आहे

केरळातल्या कुट्टनाडमध्ये, बंगालात, आसामात बदके पाळणाऱ्यांना खुराकाची फारशी चिंता नसते. भाताची कापणी झाली की शेतात पाणी असते, सांडलेले दाणे असतात, गोगलगायी, किडे, बेडकांची पिल्ले असतात. बदकांचे कळप दिवसभर त्या खाचरांतून फिरतात आणि संध्याकाळी पोट भरून परत येतात. धान्य, मांसाहार आणि हिरवे, असा तिन्ही तऱ्हांचा आहार त्यांना फुकट मिळतो.

शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेतले. इकडे बाजरी, ज्वारी, कांदा, आणि कालव्याच्या किंवा नदीच्या पाण्यावर ऊस. भाताची खाचरे नाहीत. शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी, आणि घोडही पुढे भीमेलाच मिळते. नदी आहे म्हणून बदके तिथे सोडावीत असे कुणी सुचवते. पण मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी घेऊन भीमेत येते हे आपण जाणतोच. उन्हाळ्यात डबकी साचतात, त्यात मेलेले मासे कुजतात. अशा कुजक्या पाण्यात आणि त्यातल्या अळ्यांत बोटुलिझम हा आजार करणारे विष असू शकते. ते पोटात गेले की बदकाची मान लुळी पडते आणि ते उठू शकत नाही. म्हणजे आपल्याकडचे बदक जवळजवळ पूर्णपणे मालकाच्या हातून येणाऱ्या अन्नावर जगते.

दुसरी अडचण दुकानाची. पुणे जिल्हा कुक्कुटपालनाचा मोठा जिल्हा आहे. त्यामुळे कोंबडीखाद्य तालुक्याच्या गावात सहज मिळते, पण बदकाचे म्हणून वेगळे पोते आम्हाला कुठल्या दुकानात दिसले नाही. दुकानदार म्हणतो, "कोंबडीचंच घाला." ते निम्मे बरोबर आहे. उरलेले निम्मे समजून घ्यावे लागते.

पिल्लांचे पाय

आमच्या शाळेतल्या सहावीच्या एका मुलीने बाजारातून दोन पिल्ले आणली होती. घरी त्यांना मक्याचा भरडा आणि भात मिळत होता. तिसऱ्या आठवड्यात एक पिल्लू चालताना बसू लागले. त्याचे गुडघ्यासारखे दिसणारे सांधे सुजले, पाय बाहेर वाकले. मुलगी रडत आमच्याकडे आली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पिल्लू पाहिले, खाणे विचारले आणि सांगितले की याला नायसिन कमी पडते आहे.

नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्व. कोंबडीच्या पिल्लाला एक किलो खाद्यात साधारण ३० ते ३५ मिलिग्रॅम नायसिन पुरते. बदकाच्या पिल्लाला ५५ मिलिग्रॅमच्या आसपास लागते. मक्यात नायसिन असते, पण ते अशा रूपात बांधलेले असते की पक्ष्याच्या शरीराला त्याचा उपयोग करता येत नाही. म्हणून केवळ मक्यावर वाढलेल्या पिल्लाचे पोट भरलेले दिसते आणि पाय मात्र वाकतात.

उपाय महाग नाही. गव्हाचा भुसा, तांदळाचा कोंडा, उकडून कुस्करलेला हिरवा वाटाणा, थोडी मासळी, या सगळ्यांत नायसिन चांगले असते. दुकानात यीस्टची पूडही मिळते. तिच्यातली काही पूड बिअरच्या भट्टीतून उरलेल्या यीस्टची असते. त्याचा मसला आलिमांना विचारावा. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही, कारण भुसा आणि वाटाण्याने काम भागते. त्या मुलीच्या पिल्लाला डॉक्टरांनी पाण्यातून जीवनसत्त्वे दिली, घरच्यांनी खाणे बदलले. महिन्याभराने ते चालू लागले. एक पाय थोडा वाकडा राहिला, पण ते आज अंगणात फिरते आहे.

पिल्लांबाबत आमचा सल्ला सरळ आहे. पहिले तीन आठवडे घरचे मिश्रण करण्याच्या फंदात पडू नका. या वयात २० ते २२ टक्के प्रथिने लागतात आणि ती घरी नेमकी साधत नाहीत. कोंबडीच्या पिल्लांचे तयार बारीक खाद्य घ्या, त्यात वर सांगितलेला भुसा किंवा वाटाणा मिसळा. घेताना मात्र पोत्यावरचा कागद वाचा. कोंबड्यांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरची औषधे आधीच मिसळलेली असतात. ती मात्रा कोंबडीच्या हिशेबाने ठरवलेली असते आणि बदक तिच्याहून जास्त खाते. म्हणून औषध नसलेले खाद्य मागावे. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचे, म्हणजे लेअरचे खाद्य पिल्लांना कधीही देऊ नये. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही.

फुकट मिळणारा खुराक

आता रोटीच्या पिशवीकडे येऊ. ताजी, कोरडी रोटी थोडीशी भिजवून, मूठभर दिली तर काही बिघडत नाही. पण रोटी, पाव, खारी, टोस्ट हाच मुख्य आहार झाला तर पिठाने पोट भरते आणि कॅल्शियम, जीवनसत्त्वे मिळत नाहीत. बदक जाडजूड दिसते, अंडी पातळ कवचाची येतात, मग येईनाशी होतात.

दावतीनंतर उरलेली बिर्याणी, रमजानमध्ये इफ्तारनंतरची भजी, समोसे, फरसाण हेही लोक पाठवतात. त्यात मीठ, तेल आणि मसाला असतो. पक्ष्याला, त्यातही पिल्लाला, जास्तीचे मीठ विषासारखे बाधते. शिरूरकडे कांदा मुबलक, म्हणून चाळीतला टाकाऊ कांदाही काही जण पाखरांपुढे टाकतात. कांद्याने पक्ष्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बटाट्याच्या हिरव्या साली, कच्ची डाळ, कच्चे सोयाबीन हेही नको.

ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांना वाटते, तिच्याच पाटीतले चार घास बदकांना घालावेत. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचा घटक असतो. म्हशीला ती चालते, पाखरांना बाधते आणि अंड्याचा बलक काळपट-हिरवा होतो. दुभत्या जनावरांच्या गोळी पेंडीत युरिया असू शकतो. तो रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटासाठी आहे, पक्ष्यासाठी नाही.

पण या सगळ्यांपेक्षा मोठा धोका बुरशीचा आहे. दौंडला आमच्या खाला राहतात. त्यांच्या शेजारच्या घरी पावसाळ्यात ओल लागलेली शेंगदाणा पेंड होती. म्हशीने तोंड फिरवले म्हणून ती बदकांना घातली. आठवड्याच्या आत पाचपैकी तीन बदके मेली. डॉक्टरांनी एक कापून पाहिले, यकृत बिघडलेले होते. त्यांनी पेंडीवरच संशय घेतला आणि उरलेले पोते पुरायला लावले.

या संशयामागे जुना इतिहास आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. बदकाची पिल्लेही मेली. कारण सापडेना. शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत शोध पोहोचला. तिच्यावर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने विष तयार केले होते. त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. या विषाला बदकाचे पिल्लू इतके नाजूक असते की नंतर काही वर्षे प्रयोगशाळांत विष आहे की नाही हे तपासण्यासाठी एक दिवसाची बदकाची पिल्लेच वापरत. कोंबडी ज्या पेंडीवर तग धरेल, तिच्यावर बदक मरू शकते. "कोंबडीचंच घाला" हा सल्ला निम्माच बरोबर का, ते इथे कळते.

आणि हे फक्त पाखरांचे नाही. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत, अवकाळी पावसात भिजून बुरशी लागलेला मका गरिबांनी नाइलाजाने खाल्ला. काविळीसारख्या आजाराने शंभराहून अधिक माणसे दगावली. घरातली कुत्रीही त्याच अन्नाने मेली होती. हे विष धुऊन जात नाही, उन्हात वाळवून जात नाही, शिजवूनही पुरते जात नाही. बुरशीचा भाग खरवडून उरलेले देणे म्हणजे दिसणारे काढणे आणि न दिसणारे तसेच ठेवणे.

म्हणून रोटीच्या पिशवीचे आम्ही असे करतो. पिशवी आली की उघडून पाहतो. कुबट वास आला, हिरवा-काळा डाग दिसला, तर सगळी पिशवी मातीत पुरतो. "टीचर, ये तो रिज्क है," असे कुणी म्हटले तर आम्ही सांगतो, रिज्कची बेअदबी ते सडेपर्यंत ठेवण्यात झाली, पुरण्यात नाही. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, ही कुरआनची ताकीद पीठ मळतानाच आठवायला हवी. चार रोट्या कमी लाटल्या तर पिशवीच भरणार नाही.

वर्गातला हिशेब

खर्चाचा प्रश्न खरा आहे. आमच्या वाचकांत महिन्याचा पगार मोजून-मापून वापरणारी घरे जास्त. मुलाच्या हौसेपायी किती खर्च करायचा, हे अब्बा विचारणारच. सातवीला शेकडेवारी शिकवताना आम्ही हाच हिशेब फळ्यावर मांडला.

मोठे बदक दिवसाला साधारण १२० ते १३० ग्रॅम खाद्य खाते. चार बदकांचे दिवसाला अर्धा किलो, महिन्याला १५ किलो. आता भाव पाहू. समजा मका २५ रुपये किलो आणि सोयाबीन पेंड ५० रुपये किलो. मुले लगेच म्हणाली, मका स्वस्त. मग विचारले, प्रथिने कुठे स्वस्त? मक्यात किलोला ९० ग्रॅम प्रथिने, पेंडीत ४५० ग्रॅम. म्हणजे एका रुपयात मक्यातून ३.६ ग्रॅम मिळतात, पेंडीतून ९ ग्रॅम. दुप्पट भावाची वस्तू अडीचपट स्वस्त निघाली. पण नुसती पेंड घालूनही चालत नाही, कारण ताकद धान्यातून येते. दोन्ही हवेत, प्रमाणात हवेत.

अंडी देणाऱ्या मोठ्या बदकांना १६ ते १७ टक्के प्रथिने पुरतात. १० किलोसाठी आमच्या घरचे मिश्रण असे आहे :

मक्याचा भरडा ३ किलो, बाजरीचा भरडा अडीच किलो, गव्हाचा भुसा २ किलो, सोयाबीन पेंड पावणेदोन किलो, शिंपल्यांचा चुरा ६०० ग्रॅम, कोंबड्यांसाठीचे खनिज मिश्रण १५० ग्रॅम. वर २५ ग्रॅम मीठ, त्याहून जास्त नाही.

फळ्यावर मुलांनी बेरीज केली. मक्यातून २७० ग्रॅम, बाजरीतून २७५, भुशातून ३००, पेंडीतून सुमारे ७९० ग्रॅम प्रथिने. १० किलोत १,६०० ग्रॅमच्या थोडे वर, म्हणजे १६ टक्के. वर्गात टाळ्या पडल्या. पुस्तकातल्या व्याजाच्या गणितात एवढा जीव कधी आला नव्हता.

बाजरी यात मुद्दाम आहे. ती आपल्याच मातीतली आहे आणि तिच्यात मक्यापेक्षा प्रथिने थोडी जास्तच असतात. सुगीत ती शेतकऱ्याकडून थेट घेतली तर मक्याहून परवडते. ज्या महिन्यात बाजरी महाग असेल त्या महिन्यात पांढरी ज्वारी किंवा तांदळाची कणी घ्यावी. लाल ज्वारीत टॅनिन जास्त असते, ती कमीच बरी. धान्य पिठाच्या गिरणीतून जाडसर भरडून आणावे. बारीक पीठ चोचीला चिकटते आणि निम्मे पाण्यात वाहून जाते. अंडी न देणाऱ्या नराला इतके कॅल्शियम लागत नाही. ज्यांच्याकडे नर जास्त आहेत त्यांनी शिंपल्यांचा चुरा मिश्रणात न घालता वेगळ्या वाटीत ठेवावा, माद्या आपापल्या गरजेने खातात.

हिरव्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मेथीची, कोथिंबिरीची देठे, पालक, लसूणघास बारीक चिरून द्यावा. अंगणात जागा असेल तर ॲझोलाचा खड्डा करावा. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर खोल खड्ड्यात जाड प्लॅस्टिक अंथरून, थोडी चाळलेली माती, शेण आणि पाणी घालून ॲझोला सोडला की आठ-पंधरा दिवसांत पृष्ठभाग हिरवा होतो. वाळवलेल्या ॲझोलात २० टक्क्यांहून जास्त प्रथिने असतात. पण ताज्यात ९० टक्क्यांवर पाणीच असते, म्हणून तो तोंडी लावण्यासारखा द्यायचा, मिश्रणाच्या जागी नाही. उन्हाळ्यात त्यावर सावली हवी.

मोठे पोते स्वस्त पडते, हाही हिशेब तपासून घ्यावा. ५० किलोचे पोते चार बदकांना तीन महिन्यांहून जास्त पुरते. जूनमध्ये आणलेले पोते सप्टेंबरपर्यंत ओलीत राहणार आणि त्याला बुरशी धरणार. किलोमागे दोन-तीन रुपये वाचवून शेवटचे १५ किलो फेकायचे असतील तर बचत कसली? पावसाळ्यात आम्ही पंधरा दिवसांपुरतेच मिश्रण करतो. ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवतो. शेजारची दोन घरे मिळून खरेदी केली तर मोठ्या पोत्याचा भावही मिळतो आणि माल शिळाही होत नाही.

पाण्याशिवाय खाणे नाही

बदकाचे खाणे आणि पाणी वेगळे करता येत नाही. प्रत्येक घासासोबत ते पाण्यात चोच घालते. कोरडे खाद्य त्याच्या घशात अडकते. म्हणून मिश्रण पाणी शिंपडून ओलसर करावे, चिखलासारखे नाही. सकाळी एकदा आणि दुपार उतरल्यावर एकदा, अर्ध्या तासात संपेल एवढेच द्यावे. एप्रिल-मेच्या उन्हात ओले खाद्य दोन-तीन तासांत आंबते, ते राहू देऊ नये. पिण्याचे पाणी दोन-तीन इंच खोल हवे, म्हणजे नाकपुड्या आणि डोळे धुता येतात. तळे लागत नाही, घमेले पुरते. पण घमेल्यातले पाणी रोज दोनदा बदलावे लागते. दात नसल्याने धान्य दळायला पोटात बारीक खडे लागतात, म्हणून जाड वाळूची एक वाटी जवळ असावी.

खुराकाचे भांडे उघड्यावर ठेवू नये, याला आणखी एक कारण आहे. उजनीचे पाणी दौंडच्या खालच्या बाजूला पसरते आणि हिवाळ्यात तिथे हजारो रानबदके आणि पाणपक्षी उतरतात. पाहायला सुंदर, पण बर्ड फ्लूचे विषाणू पाणपक्ष्यांत वावरतात. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला काय झाले ते आपण वाचले आहे. रानपक्ष्यांनी आपल्या भांड्यात चोच घालू नये एवढी आड हवीच. आणि एकाएकी पाखरे मरू लागली तर ती गुपचूप नाल्यात न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. तिथून नमुने पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात.

हलाल आणि तय्यब

आपण मांस हलाल आहे की नाही हे काटेकोरपणे पाहतो. सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत हलालसोबत तय्यब हा शब्दही आला आहे. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगले. जे जनावर मुख्यतः घाणीवरच जगते त्याला हदीसमध्ये जल्लाला म्हटले आहे आणि त्याचे मांस व दूध घेण्यास मनाई आली आहे. हजरत इब्ने उमर (रजि.) अशी कोंबडी खाण्याआधी तीन दिवस बांधून ठेवत, अशी रिवायत आहे. फिक्हच्या पुस्तकांतही कोंबडीला तीन दिवस स्वच्छ चारा देण्याचे आले आहे. गटाराच्या कडेला अधूनमधून चोच मारणारे आणि घरचे दाणे खाणारे पाखरू यात येत नाही, असे आलिम सांगतात. आपल्या बदकाबद्दल शंका असेल तर त्यांनाच विचारावे. आम्ही एवढेच म्हणतो की चौदाशे वर्षांपूर्वी आपल्याला सांगितले गेले आहे, जनावराच्या पोटात जे जाते ते आपल्या दस्तरखानापासून वेगळे नाही. बदकाचे अंडे मुलाच्या ताटात जाते. त्याच्या मागे भिंतीआड काय ओतले, हे घरच्या माणसाला माहीत असायला हवे.

आणि ज्यांना बदक कापायचेच नाही, केवळ मुलांच्या जिवाचा विरंगुळा म्हणून पाळले आहे, त्यांच्यासाठीही हुकूम आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली, तिला खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खावे म्हणून सोडलीही नाही. त्या स्त्रीवर अजाब झाल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आम्ही वर्गात ही हदीस सांगतो तेव्हा मुले विचारतात, "मग आपण नीट खायला दिले तर?" त्याचेही उत्तर हदीसमध्येच आहे, प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईत सवाब आहे.

म्हणून पिल्लू घेण्याआधी घरात बसून दोन गोष्टी ठरवाव्यात. महिन्याला किती किलो लागेल आणि तो खर्च कोण देणार? सकाळ-संध्याकाळ पाणी कोण बदलणार, विशेषतः परीक्षेच्या महिन्यात आणि लग्नाला गावी जाताना? उत्तर मिळाले तर जरूर घ्या, आणि एकटे नको, दोन घ्या, बदक एकटे राहत नाही. उत्तर मिळाले नाही तर मुलाचा हट्ट एक दिवस सोसा. आणि घरी आधीच बदके असतील, खर्च झेपत नसेल, तर त्यांना नदीवर सोडून येऊ नका. पाळीव बदक तिथे स्वतःचे पोट भरू शकत नाही, कुत्र्यांपासून जीव वाचवू शकत नाही. ज्याच्याकडे जागा आणि दाणे आहेत अशा घरी ती द्या, आणि देताना ती काय खातात ते एका कागदावर लिहून सोबत द्या.